एकसष्ट ते सत्तर मोजा

माझ्या दवाखान्यात पुढचा दात बसवून झाला की पेशंटला एक परीक्षा द्यावी लागायची. मी म्हणायचो, "आता एकसष्टपासून सत्तरपर्यंत मोजा." पेशंट आधी माझ्याकडे बघायचा, मग आरशात बघायचा आणि दात बसवायला आलोय की शाळेत आलोय असा चेहरा करायचा. काही जण गडबडायचे. एका प्राध्यापकांनी अडुसष्टनंतर थेट सत्तर गाठलं होतं. ते गणिताचे होते, म्हणून लक्षात राहिलं.

यामागचं कारण साधं आहे. स म्हणताना जीभ वरच्या पुढच्या दातांच्या मागे जाते आणि दातांजवळच्या चिंचोळ्या जागेतून हवा बाहेर पडते. दात केसभर जाड झाला, लांब झाला, पुढे आला, तर आरशाला पत्ता लागत नाही, पण स लगेच चुगली करतो. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट असं म्हणत गेलं की स इतक्यांदा येतो की सहासष्टच्या पुढे चूक लपून राहत नाही. कॉलेजात आम्हाला हे इंग्रजी आकड्यांवर शिकवलं होतं. माझे पेशंट गंगापूर, वैजापूर, सिल्लोडकडचे, त्यामुळे मी ते मराठीत आणलं. आयुष्यात मी लावलेला हा एकमेव शोध.

औरंगपुऱ्यात एका कापडाच्या दुकानाच्या वर पहिल्या मजल्यावर माझा दवाखाना होता. बरोबर बत्तीस वर्षं चालवला आणि बंद केला. दातांच्या डॉक्टरला याहून शोभणारा आकडा कुठला सापडणार? खालची पाटी दोनदा बदलली, एकदा रंग उडाला म्हणून आणि एकदा शहराचं नाव बदललं म्हणून. जिना मात्र तोच, उभा आणि अंधारा. दुखऱ्या दाढेचा माणूस तो चढून आला की अर्धी दाढदुखी तिथंच थांबलेली असायची.

सुरुवातीच्या वर्षांत लोक माझ्याकडे एकच वाक्य घेऊन यायचे. "काढून टाका." दात वाचवता येतो, आतली नस साफ करून वर कॅप बसवली तर वीस वर्षं चालतो, हे सांगितलं की त्यांना वाटायचं, डॉक्टर लांबण लावतोय. पुढे काळ बदलला. चांदी भरायचो ती मागे पडली, दाताच्याच रंगाचा मसाला आला. मग केबलचा टीव्ही आला, मोबाइल आला, मोबाइलला पुढचा कॅमेरा आला, आणि त्या कॅमेऱ्यानं माझा जितका धंदा वाढवला तितका साखरेनंही वाढवला नसेल. माणसं दुखतंय म्हणून यायची बंद झाली आणि बरं दिसत नाही म्हणून यायला लागली.

गंगापूरकडच्या मंडळींचं मात्र वेगळं होतं. दिसण्याशी त्यांना घेणंदेणं नसे. कवळी दिली की पिशवीतून उसाचं कांडं बाहेर निघायचं. "डॉक्टर, हे जमतंय का बगू." मी कळवळून सांगायचो की अहो, पहिला आठवडा वरणभात, मऊ पोळी. तेवढ्यात कडाड आवाज यायचा. एका आजोबांची कवळी उसात रुतून बाहेर आली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "ऊस लई चांगला निघाला औंदा." दोष त्यांनी मला दिला नाही, उसालाही दिला नाही.

वैजापूरचा एक कांद्याचा व्यापारी हळदीच्या दिवशी सकाळी आला होता. उद्या लग्न, आज दात पांढरे पाहिजेत. दात पांढरे करायचं औषध लावलं की दोन दिवस हळद, चहा, रंगीत काही चालत नाही, हे त्याला मी बजावून सांगितलं. त्याच्या मित्रांनी त्याच्या तोंडाला हळद कुठून कुठपर्यंत फासली ते मला लग्नाच्या फोटोत दिसलं. सोन्यासारखे दात म्हणतात ते मी तिथं पहिल्यांदा बघितले.

हे सगळं सांगतोय ते जरा गाडी चालू व्हावी म्हणून. मला खरं सांगायचंय ते सकीनाबी आणि करीमभाई यांच्याविषयी. इतकी वर्षं ते मी कुणाला सविस्तर सांगितलेलं नाही, कारण त्यात माझी चूक आहे आणि मला माझ्या हातांचा भारी अभिमान होता.

सकीनाबी मूळच्या सिल्लोडच्या. मुलगा सलीम वाळूजला कंपनीत, म्हणून म्हातारा-म्हातारी त्याच्याकडे शहरात राहायला आलेले. करीमभाईंचं सिल्लोडला घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. काचबिंदूनं हळूहळू दोन्ही डोळे गेले आणि दुकान बंद झालं. वयही झालेलं, आठवण अधूनमधून हातातून निसटायची. पण घरात त्यांचं सगळं व्यवस्थित चालायचं, कारण सकीनाबी होत्या. त्या बाहेरून आल्या, उंबऱ्यातून एक शब्द बोलल्या, की आतून करीमभाई विचारायचे, "आयी क्या?" हे मला नंतर कळलं. तेव्हा मला त्यांच्या घरातलं काहीच माहीत नव्हतं, फक्त तोंडातलं माहीत होतं.

सकीनाबींच्या वरच्या दोन पुढच्या दातांपैकी एक काळा पडला होता. लहानपणी पडल्या असतील, नस मेलेली. नातीचं लग्न ठरलं होतं आणि सलीमला वाटत होतं, फोटोत अम्मीनं तोंड मिटून बसू नये. काम सोपं होतं. नस साफ करायची, त्या एका दातावर कॅप बसवायची, झालं.

पण त्या दोन दातांच्या मधोमध एक फट होती. ज्वारीचा दाणा आडवा अडकेल एवढी. त्यातून त्यांच्या प्रत्येक स ला बारीक शिट्टी यायची. मी ती फट बघितली आणि माझे हात शिवशिवले. मी सलीमला म्हणालो, "एकाच्या ऐवजी दोन कॅप करू. दोन्ही थोड्या रुंद केल्या की फट जाईल. हे करतोय तर तेही होऊन जाऊ दे. अम्मी अशा दिसतील की ओळखू येणार नाहीत."

हे वाक्य माझंच आहे. एकही शब्द बदललेला नाही.

सकीनाबी फक्त म्हणाल्या, "तुमी म्हनता तसं करा, डॉक्टरसाब." मुलगा खूश, डॉक्टर खूश, मग त्या काय बोलणार? या सगळ्या वेळात करीमभाई बाहेरच्या बाकावर बसून असायचे, काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून. आमच्याकडे पद्धत होती की पुढच्या दाताची कच्ची कॅप तोंडात लावून बघताना घरच्या माणसाला आत बोलवायचं. नवऱ्याला, बायकोला, जो रोज ते तोंड बघणार आहे त्याला. त्याची पसंती घेतल्याशिवाय मी कॅप पक्की करत नसे. करीमभाईंना मी बोलावलं नाही. मनात म्हटलं, त्यांना काय दिसणार!

कॅप सुंदर झाल्या. रंग असा जुळला की मलाच दोनदा बघावं लागलं. मी म्हणालो, "मोजा." त्यांनी विचारलं, "मराठीत का उर्दूत?" शाळा मराठीतली झाली होती म्हणून मग मराठीतच मोजलं. एकसष्ट ते सत्तर, स्वच्छ, धुतलेले स. शिट्टी पार गेली होती. मी सलीमच्या खांद्यावर थाप मारली. लग्नातला फोटो त्यानं मला आणून दाखवला, आणि मी तो बाहेरच्या खोलीत लावायची परवानगीसुद्धा मागितली.

दोनेक महिन्यांनी सलीम आणि सकीनाबी पुन्हा आले. सकीनाबी खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "दात लई झ्याक झाले, साब. पन आता हे काढून टाका."

"दुखतायत का?"

"दुकत नाय. पन सलीमचे अब्बा मला वळखत नाय."

सलीमनं मग सगळं सांगितलं. लग्नाच्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही. घर रिकामं झालं आणि करीमभाई विचारायला लागले, ही बाई कोण? आधी सगळे हसले. त्यांना वाटलं, थट्टा चाललीय. पण करीमभाईंच्या डोक्यात पक्कं बसलं की सलीमची आई सिल्लोडला गेलीय आणि मुलानं आपली देखभाल करायला कुणीतरी बाई ठेवलीय. भला माणूस. ते तिच्याशी अदबीनं बोलायचे. ताट आणलं की म्हणायचे, "रहने दो बहन, सलीम आये बाद खाता मैं." परक्या बाईनं हात धरून मोरीपर्यंत न्यायचं, हे त्यांना पटेना. त्यांनी हात काढून घेतला, एकटे गेले आणि दोनदा पडले. हात हातात घेतला असता तर त्यांना कळलं असतं. पण परक्या बाईला ते हात लावूच देत नव्हते.

"पचास साल मेरेकू तू बोले," सकीनाबी मुलाकडे बघत म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आता मला आप म्हनतेत, साब. आनि मलाच इचारतेत, सलीमकी माँ कब आती?"

मी काय केलं? मी चिडलो. हा मेंदूचा प्रश्न आहे, म्हणालो, दातांचा काय संबंध? मोठ्या डॉक्टरांना दाखवा. सलीमनं शांतपणे सांगितलं की दाखवलंय. औषधं चालू आहेत, पण बाकी सगळ्यांना अब्बा ओळखतात. मग त्यानं खिशातून मोबाइल काढला. नातीच्या मोबाइलवर आजीचा एक जुना निरोप राहिला होता. परवा ती माहेरी आली असताना तो सहज वाजला आणि करीमभाई पलंगावरून उठून बसले. म्हणाले, "आयी क्या?"

सलीमनं तो निरोप आपल्या मोबाइलवर घेऊन ठेवला होता, तो मला ऐकवला. "सलीम से बोल, शाम कू सब्जी ला." एवढाच. प्रत्येक स ला ती बारीक शिट्टी होती. सात-आठ वेळा त्या बाई माझ्या खुर्चीत बसल्या होत्या आणि तो आवाज माझ्या कानावर प्रत्येक वेळी पडला होता. मी त्याला दोष समजून कागदावर नोंदही केली होती. निरोप संपला तेव्हा मला सलीमकडे बघवेना. बत्तीस वर्षांत मला माझी एवढी लाज कधी वाटली नाही.

कॅप कापून काढल्या. पण पुढे काय? फट किती होती, याचं माप होतं माझ्याकडे, प्लास्टरचा साचा कपाटात होता. पण मूळ दातांच्या कडा मी घासून टाकल्या होत्या. नुसती फट सोडून तो आवाज येईलच, हे कोण सांगणार? आवाज ओळखणारा एकच माणूस होता आणि त्याला मी बाकावर बसवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी करीमभाईंना आत आणलं. माझ्या शेजारी स्टुलावर बसवलं. मी म्हणालो, "करीमभाई, मला तुमच्या कानाची मदत पाहिजे. एक पेशंट आहे. मी दात थोडा थोडा घासणार, ती आकडे मोजणार. बरोबर झालं की सांगा."

"बरोबर म्हणजे कसं?" त्यांनी विचारलं. मराठी त्यांचं माझ्याहून चांगलं होतं.

"तुमचं तुम्हाला कळेल."

ते जरा हसले. म्हणाले, "घड्याळाचं बी तसंच असतं. कानाला लावलं की कळतं."

सकीनाबींच्या दातांवर प्लास्टिकच्या कच्च्या कॅप लावल्या होत्या, अशा की हव्या तेवढ्या घासता येतील. मी कागदाएवढी फट केली. त्यांनी मोजलं. करीमभाईंनी मान हलवली, "नक्को." आणखी घासलं. "नक्को." आणखी. "अभी थोडा आया," असं म्हणून त्यांनी मान तिरकी केली. दुकानात ते अशीच मान करत असतील. पुढच्या खेपेला माझा हात जरा जास्त गेला आणि सगळ्या स चा फसफसाट झाला. "खराब किया तुमने," ते म्हणाले. मी मुकाट्यानं मसाला लावून कड पुन्हा भरली. तास उलटून गेला होता, बाहेर पेशंट खोळंबले होते. माझ्या धंद्यात कामाला नाव ठेवणारे पुष्कळ भेटले, पण इतक्या बारकाईनं काम करून घेणारा दुसरा कुणी भेटला नाही.

बाराव्या की तेराव्या वेळेला मी दाताच्या आतल्या बाजूची कड फक्त गोल केली. घासली म्हणण्याइतकीही नाही. "मोजा," म्हणालो.

"एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट..."

करीमभाईंची काठी खाली पडली.

"पासष्ट, सहासष्ट..."

"सकीना?" ते म्हणाले. परक्या माणसांसमोर बायकोचं नाव त्यांनी कधी घेतलं नसावं, कारण सलीमनं चमकून त्यांच्याकडे बघितलं. "आयी क्या? इत्ते दिन कां थी तू?"

मी थांबा म्हटलं नव्हतं, म्हणून सकीनाबी मोजतच राहिल्या. डोळ्यांतून धारा लागलेल्या आणि तोंडानं सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर. सत्तर झाल्यावर त्यांनी हात पुढे केला आणि करीमभाईंनी तो धरला. मी उगाचच सिंककडे जाऊन हात धूत उभा राहिलो. माझी नर्स उघड उघड रडत होती.

पक्क्या कॅपसाठी माप लॅबला पाठवलं तेव्हा तिथल्या मुख्य कारागिराचा फोन आला. "सर, तुमच्या मापात मधे फट राहिलीय. भरून घेऊ का?" मी त्याच्यावर इतक्या जोरात ओरडलो की खालच्या कापडवाल्यानं वर माणूस पाठवला. कॅप फटीसकट आल्या. या वेळी त्या तोंडात लावून बघताना पसंती करीमभाईंनी दिली, आणि मगच मी त्या पक्क्या केल्या. जाताना ते म्हणाले, "डॉक्टरसाब, जो पुर्जा चालतो, त्याला कधी खोलायचं नसतं." मी म्हणालो, "हौ."

त्यानंतर कुणाच्याही कॅप पक्क्या करायच्या आधी मी घरच्या माणसाला आत बोलवायचोच. डोळे मिटायला लावायचो आणि पेशंटला मोजायला सांगायचो. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्या डॉक्टरचं काहीतरी खूळ आहे. असू दे.

अडीच-तीन वर्षं गेली. दवाखाना बंद करायचं मी ठरवलं होतं, नवे पेशंट घेणं थांबवलं होतं. एके दिवशी दुपारी जिन्यावर सावकाश पावलं वाजली आणि सकीनाबी एकट्याच वर आल्या. करीमभाई गेल्याचं मला सलीमनं फोनवर कळवलं होतं. मी जाऊन आलो होतो. त्याला चार महिने झाले असतील.

त्या न विचारता खुर्चीत बसल्या. "साब, ती फट बुजवा."

मला आधी समजलंच नाही. मी म्हणालो, "राहू द्या ना. छान आहेत दात. सवयीचे आहेत."

"घरात बोलले की वाटतं, आता ते आतून म्हनतील, आयी क्या. रोज वाटतं. भाजीवाल्याला हाक मारली तरी वाटतं. म्हनून मी घरात बोलतच नाय आता. सलीम म्हनतो, अम्मी गप झाली." त्यांनी पदर सारखा केला. "माजा आवाज ऐकला की मला तेच ऐकू येतेत, साब. मला आता बोलायचंय. बुजवून टाका."

"पुन्हा एकदा विचार करा, सकीनाबी."

"पयल्यांदा तुमी बुजवली, तवा मी म्हटलं नव्हतं. आता मी म्हनते."

मी हातमोजे चढवले. काम अर्ध्या तासाचं होतं. कॅपच्या फटीकडच्या दोन कडांना तोच दाताच्या रंगाचा मसाला लावायचा, निळ्या दिव्यानं कडक करायचा, घासून गुळगुळीत करायचा. करीमभाईंनी तास-दीड तास खपून जी जागा शोधून दिली होती, ती मी माझ्या हातानं भरली. हात चांगला चालला. त्याचंही मला वाईट वाटलं.

आरसा दिला. त्यांनी बघितलं, मान हलवली. आता मी म्हणायला पाहिजे होतं, एकसष्टपासून मोजा. बत्तीस वर्षांत एकदाही चुकलो नव्हतो. ते मला म्हणवलं नाही. त्याही वाट बघत क्षणभर बसून राहिल्या, मग उतरल्या, चपला घातल्या. मी पाठ करून सिंकवर हात धूत होतो.

"येते, साब," दारातून कुणीतरी म्हणालं.

कोण आलंय म्हणून मी वळून बघितलं.